डॉक्टरांचं वायरलेस आणि आईचा तांब्या

आमच्या बोरीच्या डॉक्टरांना वायरलेसचा लय नाद. घरी बसून परमुलखातल्या माणसांशी बोलायचे. एकदा सकाळी मी त्यांच्याकडं गेलेलो असताना पहिल्यांदाच जपानचा माणूस लागला, अन् बोलणं रंगात आलं तोच आवाज गायब! डॉक्टर वैतागून मला म्हणाले, "सूर्यावर भडका उडालाय. तो निवला की येईल आवाज."

आतून त्यांच्या आईनं हे ऐकलं. तांब्या घेऊन अंगणात गेली अन् सूर्याला अर्घ्य दिलं. "निव रे बाबा, लेकराचं बोलणं अर्धं राहिलंय."

थोड्या वेळानं जपानी परत बोलायला लागला! डॉक्टरांनी मला बजावलं, "हा निव्वळ योगायोग हाय."

पुढच्या महिन्यात पुन्हा आवाज गेला. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, घसा खाकरला अन् हळूच हाक मारली, "आई, अंघोळ झाली का गं तुझी?"