पालथी टोपली

(दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. वाशीमचा आठवडी बाजार उठत आला आहे. गिरजाबाईने उचललेली टोपली तशीच तिच्या हातात राहिली आहे. तिच्याखाली मातीवर पडलेल्या नाण्यांकडे तिला धड पाहवत नाही, आणि त्यांवरून नजरही काढवत नाही. शेजारचा चुडीवाला गुलाम नबी आपल्या चुड्या आवरून जवळ उभा आहे.)

गिरजाबाई : बोला ना काही, गुलामभाई. असे गुमान काहून उभे?

गुलाम नबी : मी काय बोलू? टोपली तू पालथी ठेवली, बजारानं पैसे टाकले. झालं.

गिरजाबाई : अवो, मेथीच्या पान्यानं ओली झाली होती, वाळाले ठेवली! घरात हिवताप, जीव थाऱ्यावर नाही. ध्यानातच नाही राह्यलं.

गुलाम नबी : पंधरा वर्सं इथं बसून राह्यली, अन् ध्यानात नाही? घरी दुखणं आलं का टोपली पालथी घालाची, येणाऱ्या-जाणाऱ्यानं दवाईचे पैसे खाली सरकवाचे. कोणी पुसाचं नाही, कोणी सांगाचं नाही.

गिरजाबाई : पण मी मांगतलेच नाही, मंग घेऊ कशी? वापस करते.

गुलाम नबी : कोणाले?

गिरजाबाई : तेच तर ठाव नाही.

गुलाम नबी : तुह्या घरधन्याची, दौलतरावची तबियत कशी हाय, खरं सांग.

गिरजाबाई : एक दिसाआड हुडहुडी. भर उन्हात दोन गोधड्या घेऊन बसते माणूस.

गुलाम नबी : अन् हिवतापाची दवाई, कोयनेल?

गिरजाबाई : देते ना. हिव आलं का देते.

गुलाम नबी : डाक्तरनं काय सांगतलं होतं?

गिरजाबाई : आठ दिस, रोज… पण लढाईपायी कोयनेल भेटते कुठं? पोष्टातल्या पुड्या सरल्या, दुकानवाला मागन तो भाव. म्हणून पुरवून पुरवून देते.

गुलाम नबी : वा! कोयनेल काय गोडं तेल हाय? अर्धी दवाई देल्ली का हिव घरातच ठाण मांडते, जावयावानी.

गिरजाबाई : हसवू नका बरं.

गुलाम नबी : माही लेक सकीना बाळंतपणात अडली तवा मीबी टोपली पालथी घातली होती. एका आण्याले मेथीचं पान चिकटून होतं. मी पुसलं का तुले?

गिरजाबाई : बजारात चौघीजणी मेथी विकतात.

गुलाम नबी : तेच म्हणतो. चौघीजणी.

गिरजाबाई : पण घरी काय सांगू? लोकायचं घेतलेलं त्यायले खपत नाही.

गुलाम नबी : सांग, बजारातून आणलं. खोटं हाय का?

गिरजाबाई : खोटं नाही… पुऱ्या आठ दिसाची कोयनेल होते यात. एकबी दिस चुकवाले नको. जाते मी, दुकान बंद होयाच्या आंदी.

गुलाम नबी : जाय.

गिरजाबाई : थांबा. ही पुडी कायची मातीत?… हिरव्या चुड्या! अन् पाहा, कशा अलगद चढल्या, कुठं अडल्या नाहीत. गुलामभाई, एवढ्या बजारात माह्या हाताचं माप कोणाले ठाव असन हो?… अवो, तुमाले विचारून राह्यली. तिकडं कुठं चालले?