स्टँडवर घेतलेलं नाव

तुम्ही हसाल, पण माझ्या नवऱ्याचं नाव मी पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं ते देवळीच्या बसस्टँडवर, आणि तेही दुसऱ्याच कुणासाठी.

कापूस वेचणीचे दोन-तीन महिने मी गावातल्या पाळणाघरात वेचायला जाणाऱ्या बायांची मुलं सांभाळते. त्यात एक चार वर्षांचा सागर. माझ्या नवऱ्याचंही नाव तेच, आणि आमच्या घरी सून ते घेत नाही. म्हणून त्याला मी आपली 'बाळा' म्हणायचे.

एका रविवारी सासूबाई आणि मी चार मुलांना देवळीच्या बागेत नेलं. परतताना स्टँडवर मोजली, तर तीनच. सागर नव्हता. समोर एक बस मागे येत होती. त्याची आई माझ्या भरवशावर शेतात गेलेली. "बाळा, ए बाळा," करत मी स्टँडला दोन फेऱ्या मारल्या.

सासूबाईंचा घसा सर्दीनं बसलेला, त्यांना हाक मारता येत नव्हती. त्या कशाबशा म्हणाल्या, "नाव घे ना वं त्याचं."

"आई, पण तुमच्यासमोर..."

"पोरगं दिसून नाई राह्यलं, अन् तुले हे सुचते?"

मी डोळे मिटले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "सागर."

केळीच्या गाडीमागून तो सावकाश बाहेर आला. "इथंच तं होतो. तुले माहं नाव मालूम होतं, तं पहिलेच काऊन नाई बोलावलं?"

सासूबाईंनी त्याचा हात घट्ट धरला. "लाजत होती थे," त्या म्हणाल्या. "आता नाई लाजनार."