बायकोशेजारची जागा

कवीला मरण नसतं, असं स्वतः कवी असलेल्या प्रोफेसर लोरेन्स तेरब्लांश यांनी विद्यापीठात आफ्रिकान्स कविता शिकवताना हयातभर ठासून सांगितलं. निवृत्तीनंतर त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या कारू या ओसाड भागातल्या आपल्या गावच्या चर्चकडे दिवंगत बायको हेस्टरशेजारी कबरीची जागा मागितली. चर्चची समिती आज संध्याकाळी त्यावर मत देऊन निर्णय घेणार होती. चर्चच्या जत्रेत ते पॅनकेकच्या रांगेत उभे होते आणि त्यांच्या पुढेच समितीतल्या द्रिनी आणि बेटी, मागे न बघता, बोलत होत्या.

“माझं मत नाही म्हणजे नाही, बेटी. जन्मभर कवितेतून गावाला शिव्या घातल्या त्यानं.”

“तू वाचल्यास?”

“एकूण एक पुस्तक. पाद्रीबाबांना बोकड म्हटलंय, पोस्टमास्तरला घुबड. माझं कुठं नावसुद्धा नाही!”

“मग बरंच की.”

“बरं कसलं? एका बाकावर शिकलो आम्ही!”

“अगं द्रिनी, पण हेस्टर एकटी पडलीय तिथं.”

“एकटी कसली, निवांत पडलीय बिचारी. जन्मभर सूप गार व्हायचं, पण ह्याची कविता वाचून संपायची नाही.”

“दर रविवारी येतो गं तिच्यापाशी. नुसता बसतो.”

“वाचत नाही काही?”

“अक्षरही नाही. मी फुलं बदलायला जाते ना, बघते.”

“अस्सं.”

मागे प्रोफेसरांना ठसका लागला. दोघी वळल्या. बेटी लाजून दालचिनीच्या साखरेकडे बघू लागली.

“सगळं ऐकलंस, लोरेन्स?”

“सगळं, द्रिनी.”

“मग हेही ऐक. देते मी मत. पण तिथं गेल्यावर तिला काही वाचून दाखवू नकोस.”