ताऱ्यांसंगं फिरणारा स्टँड

(अकोला, १९६७. सत्यभामाबाईंच्या घराची ओसरी, दुपारची वेळ. दाराशी पोत्यात गुंडाळलेलं एक जड लोखंडी यंत्र.)

सत्यभामा : परत? काहून परत, मास्तर? बिघडला काय?

देवमन : नाही बाई. चांगला चालते. म्हणूनच आणला.

सत्यभामा : हे कसं बोलनं झालं? तुमीच अमरावतीहून धुंडत आलते. म्हने, दुर्बिनीचा मुंबईचा नवा स्टँड झेपत नाई, आन बडनेऱ्याच्या लोहाराचा हातानं फिरवा लागते.

देवमन : खरंच होतं ते. हातानं फिरवला की धक्का बसते, फोटोत ताऱ्यांच्या रेघोट्या येतात. तुमच्या स्टँडात घड्याळाचं यंत्र आहे. तारे सरकतात तशी दुर्बीण आपसूक सरकते. तुमच्या यजमानांनी, गोवर्धनरावांनी, लय जीव लावून बनवला.

सत्यभामा : जीवच लावला. धूमकेतू आला त्या सालच्या थंडीत याच्यापाशीच गेले. सकाळी मी वर गेली तं दुर्बिनीले टेकून बसले होते. मले वाटलं, डुलकी लागली. चहा ठेवून आली खाली.

देवमन : बाई, एक विचारू? ते मफलर कसा बांधत?

सत्यभामा : मफलर? कानावरून. गाठ डाव्या गालापाशी. लेकरावानी. मी हासो त्यायले. तुमाले काय करा लागते?

देवमन : मी त्यांना कधी पाहिलं नाही. म्हणून विचारलं.

सत्यभामा : काय झालं ते नीट सांगा.

देवमन : मी आमच्या गच्चीवर स्टँड लावला. दुर्बिणीच्या पाठीवर कॅमेरा बांधला, झाकण उघडलं आन तासभर बाजूला बसून राहिलो. गच्चीवर दुसरं कोणी नव्हतं. हा पाहा फोटो. तारे कसे आलेत?

सत्यभामा : राईच्या दान्यावानी. बारीक.

देवमन : कारण कॅमेरा ताऱ्यांसंगं फिरला. आता खाली पाहा. आमचा कठडा.

सत्यभामा : पुसल्यावानी झाला.

देवमन : तो जागचा हालत नाही, म्हणून पुसला गेला. जे जमिनीवर आहे ते सगळं असंच पुसट येते. झाड, भिंत, माणूस. आता कठड्यापाशी कोण उभं आहे ते पाहा.

सत्यभामा : (फोटो उजेडाकडे धरून) हे तं आमचेच.

देवमन : मफलरची गाठसुद्धा दिसते, बाई. कठडा पुसला आन माणूस स्वच्छ. म्हणजे तो ताऱ्यांसंगं फिरत होता. मी विज्ञान शिकवतो पोरांना. कॅमेऱ्यातली प्लेट खराब असंन म्हणून दुसरी लावली. तिच्यातही तेच.

सत्यभामा : दुसऱ्या कोनाले दाखवला?

देवमन : आईला दाखवला. ती म्हणाली, "पाहुणा आला होता तं चहा काहून नाही पाजला?"

सत्यभामा : भेव वाटलं तुमाले?

देवमन : फोटो काढताना नाही. आता वाटते. रोज संध्याकाळी गच्चीवर जायचं, आन कठड्याकडे पाहायचंच नाही, असं किती दिवस करू?

सत्यभामा : (फोटो पाहत) दुबळे दिसतात हे.

देवमन : बाई, मी हा कोणाला विकणार नाही. तुम्ही म्हणाल तं मोडून टाकतो.

सत्यभामा : मोडू नका.

देवमन : मग ठेवता कुठं? घरात?

सत्यभामा : घरात कायले? गच्चीवर. त्याच्या जागेवर.

देवमन : तुम्ही एकट्या राहता. फोटो काढणार आहात काय?

सत्यभामा : मले कुठी येते फोटो काढता! मी फक्त जाऊन बसन. लगन झाल्यापासून ते वर आन मी खाली, असंच चाललं. मी बोलाऊ जेवाले, ते म्हनत, "थांब, आता हालू नको." मले वाटे, मले म्हनतात. ते ताऱ्याले म्हनत.

देवमन : आणि तिथं खरंच कोणी असलं तं?

सत्यभामा : असलं तं असलं. त्याच्यासाठीच चालली ना मी.

देवमन : मग मीच वर लावून देतो, बाई.

सत्यभामा : उठा मास्तर, उजेड आहे तवर नेऊ. जिना अरुंद आहे. पायाकडून तुमी धरा.