मॅडमच्या गाडीतलं व्हॉल्यूमचं बटण

मी मूळचा दिवा स्टेशनाकडचा, खाडीकाठच्या गावातला आगरी माणूस. आमचा बापूस मिठागरावर, आयस पण मिठागरावर, आणि मी ठाण्याला गॅरेजला लागलो कारण मना मिठाचं काम नको होतं, पाय फाटायचे हो, काय सांगू तुम्हाला, भेगांत मीठ गेलं की माणूस उभ्या जागी नाचतो. ऐंशी सालाच्या आसपास पाना हातात घेतला आणि कार्बोरेटरवर माझा हात असा बसला की लोक नाव विचारत यायचे. इंजिन चालू ठेवायचं, कान लावायचा, स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे, आवाज गोल झाला की सोडायचा. गोल म्हणजे काय ते सांगता येत नाय, कानाला कळतं. मग कल्याणला मुरबाड रोडला स्वतःचं गॅरेज टाकलं, लग्न झालं, आणि थोडा माज पण आला, खोटं कशाला बोलू.

नव्वदनंतर त्या नव्या गाड्या दिसायला लागल्या, बाहेरच्या. कल्याणला एक डॉक्टर मॅडम होत्या, बाळंतपणाचं हॉस्पिटल त्यांचं, त्यांचा भाऊ गल्फवरून आला तो जपानी गाडी घेऊन आला आणि बहिणीला देऊन परत गेला. ती गाडी माझ्याकडे आली. सकाळी चालू व्हायची छान, दहा-पंधरा मिनिटांनी काळा धूर सोडायची आणि पत्रीपुलावर मधोमध बंद पडायची. मी बॉनेट उघडलं तर आत कार्बोरेटरच नाय. स्क्रू नाय, काय नाय. पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवणार, आणि तो कॉम्प्युटर म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्यामागे पत्र्याची एक डबी. मी प्लग बदलले, फिल्टर बदलले, पाइप साफ केले, दोन आठवडे गाडी उभी. प्लग काढावा तर काजळी धरलेला. मॅडम आल्या, म्हणाल्या दिनकर, मला दर गुरुवारी मुरबाडला जावं लागतं, तिथे बायका वाट बघत बसतात, तुम्हाला जमत नसेल तर सांगा. जमत नसेल, हा शब्द मला लागला. जेवण गेलं नाय त्या दिवशी.

आमची मंडळी म्हणाली, अहो कॉम्प्युटर म्हणजे आत सर्किटची प्लेटच असणार ना टीव्हीसारखी, मग त्या डोंबिवलीच्या बाईंना विचारा की, आपला टीव्ही केला त्यांनी. मी म्हटलं गाडीतलं बाईमाणसाला काय कळणार. हे मी बोललो, माझ्या तोंडाने. आणि दुसऱ्या दिवशी गेलो पण.

नलिनीबाई म्हणजे पन्नाशीच्या, डोंबिवलीला दोन खोल्यांत राहायच्या, आधी एमआयडीसीत एका कारखान्यात टीव्हीच्या प्लेटी तपासायच्या, तो बंद झाला तेव्हापासून घरीच रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायच्या. बोलणं एकदम शुद्ध, पुस्तकातलं. मी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, गाडीला आपण तापलो हे कळतं कशाने? पंधरा वर्षं होत आली गाड्यांत आणि मला हा प्रश्न पडलाच नव्हता.

आल्या त्या गॅरेजला, साडीचा पदर खोचून, पिशवीत मीटर. इंजिनाला पितळेचं एक बोटाएवढं बोंड होतं, दोन वायरी लावलेलं, ते मला काढायला लावलं. शेजारच्या चहावाल्याकडून एक पातेलं थंड पाणी, एक उकळतं. बोंड थंडात बुडवलं, मीटर बघितला. गरमात बुडवलं, मीटर बघितला. आकडा हललाच नाय. म्हणाल्या, हे बघा दिनकर, हा निरोप्या मेला आहे. इंजिन तापलं तरी हा सांगतो मी गारच आहे, कॉम्प्युटर बिचारा विश्वास ठेवतो आणि पेट्रोल ओतत बसतो. कॉम्प्युटरची चूक नाही. मी त्या पातेल्याकडे बघतच राहिलो. दोन आठवडे मी झटलो आणि ह्या बाईने चहाच्या टपरीवर दोन पातेल्यांत आजार शोधला.

नवीन बोंड इथे मिळेना, मॅडमच्या भावाला गल्फला कळवलं तर महिने लागणार. तेव्हा बाईंनी डोकं चालवलं. जुन्या रेडिओचं व्हॉल्यूमचं बटण घेतलं, ते बोंडाच्या वायरींना जोडलं आणि डॅशबोर्डखाली बसवलं. म्हणाल्या निरोप्या नाही तर निरोप आपण देऊ. बटण डावीकडे म्हणजे इंजिन गार, पेट्रोल जास्त, उजवीकडे म्हणजे तापलं, पेट्रोल कमी. पण कुठे किती, ते बसवायचं राहिलं. मग त्या म्हणाल्या आता माझा मीटर आणि तुमचा कान. दोन दिवस आम्ही तेच केलं, मी गाडीपाशी कान लावून उभा, बाई आत बसून बटण फिरवणार, मी ओरडायचो थांबा, गोल झाला, आणि बाई वहीत आकडा लिहून बटणाशेजारी नेलपॉलिशचा ठिपका लावायच्या. गारचा एक, कोमटचा एक, तापल्याचा एक. धूर गेला. गाडी शिळफाट्यापर्यंत नेली, आणली, लोण्यासारखी. मॅडमना बाईंनी स्वतः शिकवलं, आणि वर सांगितलं, ठिपके सोयीसाठी आहेत हो, इंजिन खोकायला लागलं तर समजा भुकेलं आहे, बटण डावीकडे घ्या.

आता माझी गोष्ट ऐका. लोक यायला लागले बघायला, कॉम्प्युटरच्या गाडीला बटण लावणारा दिनकर म्हणून, आणि मी बाईंचं नाव घ्यायचो पण हळू आवाजात. मला वाटलं अजून चांगलं करून दाखवावं, कमी पेट्रोलमध्ये जास्त पळवावी. सर्व्हिसिंगला गाडी आली तेव्हा मी बटणाची टोपी सैल केली आणि थोडी फिरवून परत घट्ट केली, म्हणजे ठिपके तेच, पण पेट्रोल प्रत्येक ठिपक्याला कमी. कोणाला सांगितलं नाय. मॅडम खूश, म्हणाल्या गाडी पेट्रोल कमी खाते आता. मी पण खूश.

थंडीचे दिवस होते. मॅडम गुरुवारी मुरबाडला गेलेल्या, गाडी दोन तास उभी, अर्धी निवलेली, आणि एक बाई अडलेली, तिला कल्याणला आणल्याशिवाय इलाज नव्हता. मागच्या सीटवर ती आणि तिची सासू. निघाले, आणि रायत्याच्या पुलाच्या अलीकडे गाडी ठसके खायला लागली आणि बंद पडली. ठिपका तर बरोबर होता. मॅडमनी दोनदा चालू केली, दोनदा बंद. मागे ती बाई कळांनी ओरडते आहे. तेव्हा मॅडमना नलिनीबाईंचं बोलणं आठवलं, भुकेलं आहे, आणि त्यांनी ठिपका सोडून बटण चांगलं डावीकडे घेतलं. गाडीने पकडलं. तसंच कानाने ऐकत, बटण हळूहळू फिरवत, त्या कल्याणला पोचल्या. मुलगी झाली, आई पण वाचली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नलिनीबाईंना बोलावून घेतलं. बाईंनी बटणाची टोपी काढली, खालच्या स्क्रूवर माझ्या पेचकसाचा ओरखडा होता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, दिनकर, ही टोपी मी हलवली नाही. मी म्हटलं बाई, मी हलवली. मला वाटलं आता काढतील माझी खरडपट्टी. ओरडल्या नाहीत हो. एवढंच म्हणाल्या, यंत्राला आपण खोटं सांगतो ते गाडी चालावी म्हणून, आणि मॅडमना सांगून. माणसाला न सांगता करायचं नाही. जा, त्यांना स्वतः सांगा. मी गेलो, हॉस्पिटलात, बाळंतिणींच्या नातेवाइकांसमोर सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ती मुलगी आत आहे, बघून या. मी बघून आलो. एवढीशी होती, मुठी आवळून झोपलेली. बाहेर येऊन मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

बटण परत बसवलं ते बाईंनी माझ्याच हाताने बसवून घेतलं. मी म्हटलं वर लाखेचा थेंब टाका, म्हणजे परत कोणी हलवणार नाय. म्हणाल्या कशाला, तुम्ही आहात ना. आणि तिथून पुढे सात-आठ वर्षं मी दर रविवारी डोंबिवलीला जायचो, त्यांनी मला मीटर शिकवला, वायर वाचायला शिकवलं. कल्याण-ठाण्यात अशा कॉम्प्युटरच्या, इंजेक्शनच्या गाड्या घराघरांत झाल्या तेव्हा कितीतरी कार्बोरेटरवाले बसले घरी. मी नाय बसलो. ही त्या बाईची कृपा, दुसरं काय.

आता गॅरेज जावई बघतो. बाई ऐंशीच्या पुढे गेल्या, हात थरथरतात, डोळ्यांनी कमी दिसतं, तरी लोक काहीतरी घेऊन येतातच. मग मला फोन, दिनकर, वेळ आहे का. मी जातो. सोल्डर मी धरतो, त्या शेजारी खुर्चीत बसून सांगतात, तापू द्या, आता लावा, फुंकर मारू नका. परवा एक टाका माझ्या हातून कच्चा बसला. त्यांना दिसला नाय. मी म्हटलं बाई, कच्चा बसलाय, परत करतो. करा, म्हणाल्या, घाई नाही. देव त्यांना अशाच बसवून ठेवो खुर्चीत, आणि तुमचं पण भलं करो.