आग लागली, बाबा!

“दवाखान्यात दुसऱ्यांचं ऐकत बसू नकोस, नंबर चुकेल,” असं आई म्हणाली होती. मी ते हसण्यावारी नेलं. काल बाळाला लस द्यायला गेले, तर शेजारी वॉचमनच्या गणवेशातले एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी.

“बाबा, उद्या हॉटेलातल्या मुलाखतीत इंग्रजीतच विचारणार. आग लागली, काय कराल?”

“आय... काय गं ते?”

“आधी पळा! पाय हलले की शब्द येतो.”

“इथं? लोक बघतायत.”

“उद्या साहेबही बघणारच आहेत.”

“आय रन. आय ब्रेक द ग्लास. आय कॅरी द ओल्ड लेडी.”

“मग उचला ना!”

“कुणाला?”

“मला. मी म्हातारी.”

“आय कॅरी... द हेवी ओल्ड लेडी!”

“बाबा! ‘हेवी’ मी शिकवलंच नव्हतं!”

“माझ्या पाठीनं शिकवलं.”

“आता बसून सांगा.”

“बसलं की सगळं पुसलं जातं गं.”

“मग उद्या बसूच नका. साहेबांनाच उचला!”

बाळ खिदळलं, मीही. नंबर चुकलाच. मुलाखत आज अकराला होती. तुमच्या ओळखीच्या हॉटेलात कुणी नवा वॉचमन दिसला, तर तेच आहेत का, तेवढं विचाराल?