विनायकरावांची दुसरी तपासणी

तू विमानाला घाबरतोस ना? मग आमच्या विनायकरावांचं ऐक. ते माझे मेहुणे. झाशीच्या छावणीत धावपट्टीवर नोकरीला होते. उडण्याआधी विमान तपासायचं आणि ते ठीक आहे म्हणून सही करायची, हे त्यांचं काम. निम्मी नोकरी झाली, पण स्वतः कधी विमानात बसले नव्हते. ताईने छेडलं की म्हणायचे, "हलवाई आपली मिठाई खातो का गं?"

एकदा एक कर्नलसाहेब लखनौला निघाले होते. विनायकरावांनी सही केली. साहेबांनी विचारलं, "जोशीजी, सब ठीक है?"

"एकदम फर्स्ट क्लास, साहब!"

"तो चलिए, एक सीट खाली है. शाम तक लौट आएँगे."

विनायकराव पांढरेफटक पडले. नाही म्हणावं, तर आपल्याच सहीवर भरवसा नाही असं व्हायचं. "जी साहब" म्हणाले, टॉर्च उचलला आणि थेट विमानाखाली शिरले. चाकं, पंखा, टाकी, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

साहेब चक्रावले. "अरे, अभी तो देखा था!"

खालून आवाज आला, "साहब, वो आपके लिए देखा था. अब अपने लिए देख रहा हूँ."

काही निघालं नाही. विमान उशिरा उडालं आणि सुखरूप पोचलं. संध्याकाळी साहेब विमानाने परतले, विनायकराव मात्र रेल्वेने.

ताई म्हणाली, "अहो, इतकं घाबरलात?"

"छे गं! परतीला सही तिथल्या माणसाची होती."